राजाच्या कुळातला कॉन्सल

आमच्या मराठी मंडळात इतकी वर्षं निवडणूक झालीच नव्हती. माझे सासरे अध्यक्षाचं नाव सुचवायचे, टाळ्या पडायच्या, निवड बिनविरोध. नाव बहुतेक वेळा त्यांचंच असायचं. त्यात कपट नव्हतं. ते डॉक्टर म्हणून इथे अमेरिकेत आले तेव्हा आमच्या या पिस्कॅटवे गावातली सगळी मराठी माणसं एका बेसमेंटमध्ये मावत, आणि बेसमेंट त्यांचं होतं.

गेल्या वर्षी नव्या लोकांनी मंडळाला घटना हवी असा आग्रह धरला. ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. "लिहा जावईबापू," सासरे म्हणाले, "मलाही आता स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत." दोन वर्षांची मुदत, गुप्त मतदान, सगळं मी मोठ्या हौसेनं लिहिलं. अध्यक्षपदासाठी पहिला अर्ज आला तो माझ्या बायकोचा.

तिच्याइतकं काम मंडळात कोणी केलेलं नाही. हॉल ठरवण्यापासून मोदकांच्या उकडीपर्यंत सगळं तिच्या अंगावर. वडिलांनी परस्पर काही ठरवलं की भर मीटिंगमध्ये त्यांच्याशी भांडणारीही तीच. तरी व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलंच, "राजा गेला, राजकन्या आली."

आमची मुलगी शाळेत लॅटिन शिकते. त्याच आठवड्यात जेवताना ती रोमबद्दल सांगत होती. राजाला हाकलून लोकांनी त्याच्या जागी दोन कॉन्सल, म्हणजे वर्षभराचे कारभारी, निवडले. त्यातला एक राजाच्याच कुळातला, नावही तेच. खरं तर राजघराण्यानं सर्वांत मोठा घाव त्याच्याच घरावर घातला होता आणि राजाला घालवण्यात तो पुढे होता. तरी लोकांना ते नाव नको झालं.

"सो ही हॅड टू लीव्ह," मुलगी म्हणाली. "ही वॉज सो अनलकी, बाबा."

"लोकांना त्या माणसाची भीती नसेल," मी म्हणालो, "स्वतःच्या सवयीची असेल. इतकी वर्षं मान झुकवलेली."

बायकोनं हातातला घास खाली ठेवला. "माझ्याबद्दल बोलतोयस ना? मग सरळ बोल. रोमवरून वळसा कशाला?"

"तू अर्ज मागे घ्यावास असं मला वाटतं."

"दॅट्स नॉट फेअर. आई डझ एव्हरीथिंग."

"फेअर नाहीच," मी म्हणालो.

बायकोनं मुलीला विचारलं, "त्याला जा म्हणून कोणी सांगितलं?"

"दुसऱ्या कॉन्सलनं. पण ही लिसन्ड टू हिज फादर-इन-लॉ."

"रोमला सासरा लागला. माझ्या नशिबी नवरा." ती उठून ताट घेऊन गेली.

मी लोकशाहीची काळजी करत होतो हे अर्धंच खरं. मी लिहिलेल्या घटनेला लोक घरगुती म्हणतील, ही भीती जास्त होती. माझ्या कामाचं नाव राहावं म्हणून मी तिचं नाव खोडायला सांगत होतो. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

सभा शाळेच्या कॅफेटेरियात होती. तोवर ती काय करणार हे तिनं मला कळू दिलं नाही. मग उभी राहिली. "मी अर्ज मागे घेते. पण एक दुरुस्ती सुचवते. माजी अध्यक्षांच्या घरातल्या कोणीही पहिल्या मुदतीत कुठलंच पद घेऊ नये." थांबून म्हणाली, "जावईसुद्धा घरातलेच."

सचिवपदासाठी माझा अर्ज होता. सगळा हॉल हसला, मीही हसलो. दुरुस्तीला पहिला हात वर झाला तो सासऱ्यांचा. मग ते काठी टेकत मतदानाच्या रांगेत उभे राहिले आणि लेकीला हळूच म्हणाले, "कोणाला द्यायचं गं?"

"बाबा, ते विचारायचं नसतं."

नागपूरची एक तरुण बाई निवडून आली. पुढचा व्हिसा मिळेल की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं, पण मंडळ तिच्या हाती आलं. माझा ऊर भरून आला तो मात्र बायकोकडे बघून. खुर्ची हातातोंडाशी असताना मला ती सोडवली नसती.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला बायको पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसली, माझ्या शेजारी. मध्येच माइक बंद पडला. ती सवयीनं अर्धी उठली, स्टेजकडे पाहिलं. नवी अध्यक्ष वायर शोधत होती. बायको परत बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिच्याकडे बघवेनाही.