वाकड्या जांभळीखालची बाई

सगळ्यात आधी सांगते, मी माझ्या मशीनला साधी लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही. गेली तीस वर्षं नगरला, सावेडीत, घरच्या घरी ब्लाऊज-ड्रेस शिवते. अमावास्येला नव्या कापडाला कात्री लावते आणि कुणी "वहिनी, आज नको हो" म्हणालं की तिलाच दोन शब्द सुनावते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, सांभाळून घ्या.) या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचायचे आणि एकटीच हसायचे… आज मीच लिहायला बसलेय.

आणखी एक कबूल करते. मी जळकुटी आहे. यांच्या मावसबहिणीने भाऊबीजेला यांना जरा जास्त वेळ ओवाळलं तरी माझ्या पोटात दुखायचं. हे म्हणजे आमचे मिस्टर — साखर कारखान्यात केमिस्ट होते. चार वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. मोबाईल नव्हे हं, गळ्यात पट्टा अडकवायचा जाडजूड कॅमेरा.

आमचा रोजचा मॉर्निंग वॉक म्हणजे घरापासून भिस्तबाग महालापर्यंत. चालायचे मी, हे नुसते थांबायचे. तारेवर कोतवाल पक्षी बसला की थांब, वाळल्या गवतावर ऊन पडलं की थांब. मी चाळीस पावलं पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी. आणि घरी येऊन बघावं तर दीडशे फोटोंत मी एकातही नाही! एकदा विचारलंच. म्हणाले, "अगं शैला, तू कॅमेऱ्यासमोर ताठ होतेस. ओठ मिटून… आधार कार्डावर असतेस ना, तशी."

"आणि कोतवाल नाही होत वाटतं ताठ!" मी म्हणाले. पण लागलं मनाला.

मग एका सकाळी कॉम्प्युटरवर यांचे फोटो बघत होते. महालाचा फोटो, शेजारी एक मोठा दगड आणि दगडावर पाठमोरी बसलेली एक बाई. बॉयकट, पिकलेले केस. अंगात मोरपंखी रंगाचा, पांढऱ्या बुट्ट्यांचा कुर्ता.

"ही कोण?"

हे चष्मा लावून वाकले. "कुणी नव्हतं गं तिथे. मी रिकाम्या दगडाचा काढलाय."

कोण विश्वास ठेवेल? त्यानंतर महिनाभर सावेडीतल्या बॉयकटवाल्या बाया मी नजरेने मोजून काढल्या. भाजीच्या गाड्यावर, बँकेत, योगा क्लासच्या दारात… एकीच्या मागे तर पार तिच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेले. तिच्याकडे तसला कुर्ता नव्हता. माझे केस तेव्हा कमरेच्या खाली होते, बरं का. लग्नात सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझी वेणी हातात धरून दाखवली होती. आणि या माणसाला आवडावी कोण, तर बॉयकट!

डिसेंबरात आम्ही दोघंच भंडारदऱ्याला गेलो. लग्नाला तीस वर्षं झाली होती. लेक, प्राजक्ता, पुण्याहून फोनवर ओरडली होती, "आता तरी एकटे जा रे कुठेतरी!" धरणाच्या पाण्याकडेला एक जांभूळ आहे, बुंधा जमिनीलगत वाकून मग वर गेलेला. त्याचा फोटो काढायला हे खाली उतरले. मी वर रस्त्याला चहाच्या टपरीवर बसले. हे आले, कॅमेरा माझ्या हातात देऊन हात धुवायला गेले. मी सहज बटण दाबलं…

जांभळीखाली तीच बाई उभी होती.

या वेळी समोरून. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून उजवा हात कपाळावर धरलेला, त्यामुळे डोळे-नाक सगळं सावलीत. दिसत होतं ते फक्त हसू. दात दाखवून, मान जराशी मागे टाकून, कॅमेरा धरणाऱ्याकडे बघून हसत होती. असं हसू बायको नवऱ्याकडे बघून हसते, किंवा जिने हसू नये ती हसते. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

तशातही माझ्यातल्या शिंपिणीचा डोळा कुठे जातो बघा. फोटो मोठा केला तर कुर्त्याची डावी बाही ढगळ आणि उजवी बेताची. म्हटलं, कुठल्या अडाण्याने शिवलाय हा! मनातल्या मनात तेवढंच एक समाधान.

टपरीवरच्या मावशींना विचारलं, "खाली कोणी बॉयकटवाली बाई गेली का हो?"

"न्हाई वो ताई. आज सकाळधरनं गिऱ्हाईक म्हंजी तुमी दोघंच."

हे आल्यावर मी स्क्रीन यांच्या तोंडासमोर धरली. यांचा चेहरा पडला. "शैला, आईशपथ… मी झाडाचा काढला. रिकाम्या झाडाचा." मग टपरीवरच जे भांडण झालं ते काय सांगू. परत निघालो तर अकोले गेलं, संगमनेर गेलं, नगर आलं, माझं तोंड खिडकीकडेच.

दुसऱ्या दिवशी गुपचूप कॅमेऱ्यातलं कार्ड काढून स्टुडिओत गेले आणि त्या फोटोची प्रिंट करून आणली. भावाला दाखवायला, पुरावा म्हणून. नंतर लाज वाटली. प्रिंट मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांच्या खाली सरकवली. पण राग काही जाईना. तिसऱ्या दिवशी यांना समोर उभं केलं, स्वतःचा गळा चिमटीत धरला आणि म्हणाले, "सगळे फोटो पुसा. आणि परत कॅमेऱ्याला हात लावाल तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला!"

यांनी वाद घातला नाही. एकेक फोटो पुसला. कोतवालाचेसुद्धा. कॅमेरा डब्यात घालून माळ्यावर टाकला.

त्यानंतरही आम्ही चालायला जायचो. तारेवर पक्षी दिसला की यांचा हात आपोआप छातीशी जायचा, पट्टा चाचपायला. मग तोच हात खिशात. मी बघायचे. आणि मला बरं वाटायचं… खोटं कशाला बोलू. वाटायचं, बसली आता ती टवळी कुढत!

वर्ष-दीड वर्ष गेलं आणि एके सकाळी आंघोळीला माझ्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. पुढचं पुष्कळ जणींना माहीत असतं, लांबवत नाही. पुण्याला ऑपरेशन, केमो, रेडिएशन. पहिल्या केमोनंतर तीन आठवड्यांत वेणी गेली. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात सुजला तो सुजलाच. त्या सगळ्या महिन्यांत हे एखाद्या नर्ससारखे माझ्याभोवती होते, पण नजरेला नजर देत नव्हते. मला वाटायचं, टकलाची किळस येत असेल. आणि मग हटकून ती आठवायची, जांभळीखाली हसणारी. हिला बरे केस आहेत, थोडे का होईना! हॉस्पिटलच्या कॉटवर पडून मी तिचा हेवा करत होते, विचार करा.

घरी आल्यावर हळूहळू केस आले, बोटभर, पांढरे. घट्ट ब्लाऊजची बाही डाव्या हाताला काचायला लागली. प्राजू म्हणाली, "आई, साड्या राहू दे आता, सैल कुर्ते शिव." तिनेच कापड आणून दिलं. इतक्या दिवसांनी मशीनवर बसले या आनंदात मी रंग-बिंग काही बघितला नाही हो. मापं घेतली. डाव्या दंडाला अडीच इंच जास्त लागत होतं, तेवढी बाही मोठी बेतली. समोर निळी बटणं लावत आले तर शेवटचं एक कमी पडलं. यांच्या जुन्या शर्टाचं पांढरं बटण खालच्या काजाला लावून टाकलं. कोण बघतंय?

कुर्ता घातला आणि फिटिंग बघायला आरशासमोर गेले.

आरशात ती उभी होती.

बॉयकट. मोरपंखी कापड, पांढऱ्या बुट्ट्या. डावी बाही ढगळ. मी ड्रॉवर उपसला, बॉबिना खोलीभर झाल्या, प्रिंट हातात आली. सुई ओवताना वापरते ते भिंग लावून कुर्त्याच्या खालच्या टोकाला बघितलं. सगळी बटणं निळी आणि शेवटचं पांढरं.

"अहो!" मी ओरडले ते शेजारपर्यंत गेलं असेल.

हे धावत आले. माझ्याकडे बघितलं, प्रिंटकडे बघितलं आणि मशीनच्या स्टुलावर मटकन बसले. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी खोटं बोलत नव्हतो. तेवढा हक्क होता त्यांना. पण हा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

"शैला, मी शपथ मोडली होती."

"कसली?"

"तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. न्हाली होतीस, वेणी नुकती घातलेली, पाठीवर ऊन होतं… मी मोबाईलवर एक फोटो काढला. मोबाईल म्हणजे काय कॅमेरा नव्हे, असं मनाला समजावलं. आणि आठच दिवसांत तुला गाठ लागली."

सगळी नोकरी लॅबमध्ये काढलेला माणूस! नजरेला नजर का देत नव्हता ते तेव्हा कळलं मला. सगळं आजारपण हा माणूस मनात ते घेऊन माझ्या उशाशी बसला होता आणि मी उशीवर पडून एका बाईवर जळत होते. ती बाई मीच! काय म्हणावं मला?

मी म्हणाले, "काढा तो माळ्यावरचा डबा."

"नको. तू आधी सुटली म्हण."

शाळेत असताना आम्ही एकमेकींना शपथ घालायचो आणि सोडवताना 'सुटली' म्हणायचो. ज्याने घातली त्यानेच म्हणायचं, त्याशिवाय सुटत नाही. साठी उलटलेला माणूस लहान पोरासारखा हटून बसला होता. मी गळ्याला हात लावला आणि तीनदा म्हणाले, "सुटली. सुटली. सुटली."

गेल्या दिवाळीनंतर आम्ही परत भंडारदऱ्याला गेलो. कुर्ता तोच घातला. टपरीवरच्या मावशींनी ओळखलं. "मागं भांडून गेल्ता त्याच ना तुमी? केस कापलं व्हय? बरं दिसतंय." मी दोन चहा सांगितले आणि खाली उतरले.

जांभळीखाली उभी राहिले. ऊन डोळ्यांवर आलं, उजवा हात आपसूक कपाळावर गेला. ठरवून नाही, खरंच सांगते. हे कॅमेऱ्यामागून म्हणाले, "झाली बघा आधार कार्डाची तयारी सुरू!" आणि मला असं हसू फुटलं की मान मागे गेली. तेवढ्यात क्लिक झालं.

मी पळत जाऊन स्क्रीन बघितली.

वाकडा बुंधा, मागे पाणी आणि खाली कोणीच नाही. रिकामं झाड.

यांनी आणखी दहा फोटो काढले. त्या दहाही फोटोंत मी आहे… ओठ मिटून, ताठ. हसलेला तेवढा एक नाही. तो आधीच काढून झाला होता आणि मी पुसायला लावला होता.

प्राजू म्हणते, कार्ड खराब असेल, जुना फोटो वर आला असेल. आला असेल. पण तीन वर्षांपूर्वी मी साडीतच होते, ते कापड बाजारात आलं होतं की नाही देव जाणे, आणि ते पांढरं बटण तेव्हा यांच्या शर्टावर होतं. यांनी कागदावर सगळं मांडून बघितलं, केमिस्टच ते, शेवटी कागद फाडून टाकला. भिस्तबागेच्या त्या दगडावर मी अजून बसलेली नाही. रोज शेजारून जाते, पण धीर होत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, आम्हाला तर काही उलगडत नाही.

आता मशीनच्या वर भिंतीवर दोन फोटो लावलेत. एक ती प्रिंट, जांभळीखालची. दुसरा गच्चीवरचा, पाठमोरी मी आणि कमरेखाली गेलेली वेणी. हे सकाळी तिथेच खुर्ची टाकून चहा पितात. मी मान खाली घालून मशीन चालवत असते, पण यांची नजर वेणीवालीवर जास्त वेळ थांबते की बॉयकटवालीवर, याकडे माझं बारीक लक्ष असतं. आणि जिच्यावर थांबेल, तिच्यावर मी दिवसभर जळते.