सुई ओवली की झालं

आमच्या पाग बेटावर बाईचे डोळे चांगले की वाईट, हे सुई ठरवते. पहिल्या फटक्यात दोरा गेला की डोळे ठणठणीत. पेरिना मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, रोज सकाळी दारात लेस विणायला बसली की ही परीक्षा द्यायची आणि गल्लीभर ओरडायची, "ओवली गं बाई!"

त्या ओरडण्यामागे भीती होती. आजी, म्हणजे तिची आई, म्हातारपणी आंधळी झाली. लेसनं डोळे खाल्ले, असं सगळे म्हणाले. मावशीला मरणाचं काही वाटत नसे, पण आजीसारखं भिंत धरून चालायचा तिनं धसका घेतला होता. म्हणून दिव्याखाली एक टाकाही घालायचा नाही. दोरा संपला की मान वर करून खाडीपलीकडच्या बोडक्या डोंगराकडे बघायचं, मगच दुसरा दोरा. मिठागरावर जाताना टोपी. डोंगरावरून येणारा तो झोंबरा 'बुरा' वारा सुटला आणि डोळ्यांत मीठ गेलं, तर चोळायचं नाही, पाण्यानं धुवायचं. मी फोनमध्ये डोकं घातलेलं दिसलं की तिची तोफ सुटे. "टोन्के, ठेव ते! डोळे काय बाजारात किलोवर मिळतात?"

अशा बाईच्या डोळ्यांना काय होणार, असंच मला वाटायचं.

मग ती कॉफीची भांडी पाडायला लागली. एकदा दंडावर हा एवढा काळानिळा डाग दिसला. "दाराला लागलं," म्हणाली, जणू दारच चालत आलं होतं. चीजवाला माते तर माझ्याशीच भांडला. "तुझ्या मावशीला शिंगं फुटलीत का? शेजारी उभा राहून हाक मारली, तेव्हा दचकली. त्याआधी ढुंकून बघितलं नाही!"

"तू कुठल्या बाजूला होतास?" मी विचारलं.

"डाव्या. का? डावीकडून यायचा कर भरावा लागतो?"

त्याच आठवड्यात चर्चसमोर डावीकडून स्कूटर आली आणि ही बया सरळ तिच्यापुढे. मी पदराला धरावं तशी तिची शाल खेचली म्हणून वाचली. घरी आणून मी म्हटलं, "समोर बघ, मान हलवू नकोस." डाव्या कानाजवळून माझा हात हळूहळू पुढे आणला. तो पार नाकाजवळ आला, तेव्हा ती म्हणाली, "हं, दिसला."

"मावशे, अगं आजी अशीच दारावर आपटायची!"

"गप गं भवाने!" तिनं सुई उचलली आणि दोरा ओवून माझ्यापुढे नाचवला. "बघ! आंधळी ओवते का?"

मी तिला जवळजवळ ओढतच झादार शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका यंत्रात तोंड घालून बसायचं, बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. बटण फारच कमी वाजत होतं; बाहेर बसून मी एकेक टकटक मोजत होते.

"काचबिंदू आहे," मला आत बोलावून डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा कडेनं खात येतो. मधली नजर शेवटपर्यंत राहते, म्हणून सुई ओवता येते. तुमच्या सवयींनी डोळ्यांना आराम मिळाला, पण हे त्यांनी टळत नाही. वेळेवर तपासायलाच हवं होतं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं तर रोज थेंब घाला, एकही दिवस चुकवू नका." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हा रक्तात चालत येतो. तुम्ही कधी तपासलंत?"

"मला काय धाड भरलीय? मी सुई पहिल्याच—"

मावशी हसली नाही. ती माझा हात शोधत होती. मी तिच्या डावीकडेच उभी होते, अगदी खांद्याला लागून, आणि ती हवेत चाचपडत होती. शेवटी मीच तिची बोटं धरली.

"बस त्या यंत्रापुढे," ती हळूच म्हणाली. "आणि दिवा दिसला नाही तर उगाच बटण दाबू नकोस. मी दाबलं होतं."

मी बसले.