काळ्या पाण्याहून आलेला नातू

कुणाच्या पूर्वजांचा शोध घ्यायला निघालं की पूर्वज सापडायच्या आधी किस्सेच सापडत जातात. आमच्या एका शोधाची फाईल अजून माझ्याकडे आहे. त्यात कागद जेमतेम नऊ. किस्से मात्र इतके की आजही भोये सर आणि मी भेटलो की समोरचा चहा गार होतो आणि घरचे लोक उठून जातात.

भोये सर मूळचे साखरशेतचे, जव्हारच्या एका शाळेत हेडमास्तर. मी तेव्हा नुकतीच इतिहास घेऊन बी.ए. झालेले, आणि देश बदलायला फार तर पाच वर्षं लागतील अशा मताची. तिसरा चंदर, जव्हार-मोखाडा जीप चालवणारा. ही आमची संशोधन संस्था! नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता.

*

सुरुवात झाली ती एका पत्राने. पाकिटावर पत्ता एवढाच : ‘हेडमास्टर साहब, जव्हार, जिला ठाणे.’

जव्हारमध्ये शाळा अनेक, हेडमास्तरही अनेक. पोस्टमन प्रत्येकाकडे ते घेऊन गेला. प्रत्येकाने फोडलं, वाचलं, पुन्हा चिकटवलं आणि ‘हे माझं नव्हे’ म्हणून परत दिलं. भोये सरांकडे आलं तेव्हा पाकिटावर डिंकाचे पाच थर होते.

पोस्टमन म्हणाला, “सर, तुम्ही तरी ठेवून घ्या. सगळ्यांचं वाचून झालंय!”

पत्र पोर्ट ब्लेअरहून होतं, हिंदीत. लिहिणारे दीनानाथजी, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांचे आजोबा लहानू, बापाचं नाव सोमा, जव्हार-मोखाड्याकडचे. इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं. शिक्षा संपल्यावर ते तिथेच शेती करून राहिले, परत आलेच नाहीत. ‘मरायच्या आधी मला त्यांच्या गावी जाऊन एक काम करायचं आहे,’ एवढंच पत्राच्या शेवटी होतं. काम कोणतं ते लिहिलं नव्हतं.

*

ते मला विचारायची गरजही वाटली नाही. काळं पाणी म्हटल्यावर आणखी काय असणार? क्रांतिकारकच! आमच्या डोंगरातला, पुस्तकात कुणी न लिहिलेला क्रांतिकारक! त्याच रात्री मी भाषण लिहून काढलं. अकरा पानं.

भोये सर म्हणाले, “अगं, आधी माणूस तर सापडू दे.”

“सर, माणसं सापडतील. आधी फलकाची जागा अडवली पाहिजे!”

मी थेट एका स्थानिक पुढाऱ्यांकडे गेले. त्यांनी तीन मिनिटांत फलक मंजूर केला. इतक्या वेगाने काम करणारा पुढारी मी पहिल्यांदाच पाहत होते.

“फोटो आहे का त्यांचा?” त्यांनी विचारलं.

“नाही हो, फोटो कुठून असणार?”

“काही हरकत नाही,” ते म्हणाले, “माझा आहे!”

*

शोध मात्र काही केल्या पुढे सरकेना. मोखाड्याच्या आठवडे बाजारात मी एका ओट्यावर उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, “कुणाच्या घरातला माणूस काळ्या पाण्याला गेला होता का?”

समोरच्या मिरच्यावाल्या बाईने गोणी गुंडाळली. शेजारचा मडकीवाला पाठमोरा झाला. पाच मिनिटांत माझ्याभोवती रिकामं मैदान. जंगलखात्याची चौकशी आली, असा समज झाला होता.

पुढच्या बाजारात भोये सरांनी सूत्रं हातात घेतली. ते ओट्यावर चढले नाहीत. चहावाल्याकडे बसून हळूच म्हणाले, “अंदमानातला एक पेन्शनवाला पाहुणा आपले भाऊबंद शोधतोय.”

संध्याकाळपर्यंत चौदा भाऊबंद! एक म्हातारबाबा तर काठी टेकत दाभोश्याहून जीप पकडून आले.

“आमचा आजा गेलता. पक्का गेलता,” ते म्हणाले.

“काळ्या पाण्याला?”

“नाय, नाशिकला.”

“मग बाबा, तुम्ही इथे कशाला आलात?”

“गेलता, पन परत नाय आला ना! जमलं तर त्यालाबी शोधा.”

*

सहा महिने आम्ही जव्हारच्या बाजूचे पाडे पालथे घातले. मग एका दुपारी, मुलांना गणितं सोडवायला देऊन खिडकीतून बाहेर बघत असताना, भोये सरांनी कपाळावर हात मारून घेतला. सुट्टी व्हायचीही वाट न बघता मला निरोप पाठवला.

“आपण गाढव आहोत,” ते म्हणाले. “जव्हार राजाचं संस्थान. इथला गुन्हेगार राजाच्या कोठडीत जायचा. मोखाडा इंग्रजांचा. अंदमानला पाठवणार कोण? इंग्रज! म्हणजे माणूस कुठला?”

इतिहासाची पदवी माझ्याकडे होती. हे सुचलं गणिताच्या मास्तरांना!

मग एका जुन्या दप्तरखान्यात आमच्या चकरा सुरू झाल्या. तिथल्या क्लार्ककाकांना मी पहिल्या दिवशी तासाभरात सात वेळा विचारलं, “सापडलं का?”

आठव्यांदा त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, तो माणूस जन्मठेपेला गेला. तुम्हाला चार वाजेपर्यंतही बसवेना?”

चार वाजता खरंच कागद सापडला. मोडीत होता. काकांनीच वाचून दाखवला. लहानू वल्द सोमा, मोखाड्याजवळचा खडकपाडा. शेजारी राहणाऱ्या देवजीच्या डोक्यात कोयत्याचा वार केला. देवजी मेला. खून शाबीत, फाशीऐवजी जन्मठेप, काळं पाणी.

“राजद्रोह वगैरे काही नाही का हो?” मी विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “शेजार.”

*

परतीच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. अकरा पानी भाषण पिशवीतच होतं. सर म्हणाले, “कळवायला तर हवं.” मी म्हटलं, गाव कळवू, खून नको. बासष्ट वर्षांच्या माणसाला आजोबा खुनी होते हे कुणी सांगायचं? शेवटी सरांनी मला एसटीडी बूथमध्ये ढकललं आणि बाहेरून दार धरून ठेवलं.

मी अडखळत, हिंदीची वाट लावत सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं, गेले की काय!

मग हसण्याचा आवाज आला. “अरे बेटी, वो तो मालूम है! हमारे मोहल्ले में सबके दादा ने किसी न किसी को मारा है. बचपन में हम लोग इसी पर शर्त लगाते थे.”

मी बूथमध्येच खाली बसले.

“तुमने गाँव ढूँढ़ा, बहुत अच्छा किया,” ते म्हणाले. आता ते हसत नव्हते. “लेकिन मेरा काम दूसरा है. मुझे उस आदमी के घर जाना है, जिसको दादा ने मारा. मेरे बाप की आख़िरी बात यही थी. उनके दरवाज़े पर जाकर हाथ जोड़ने हैं. फिर वो जो करें.”

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, “रडले का?”

“नाही सर,” मी म्हटलं. “ते येतायत.”

*

एप्रिलच्या अखेरीस दीनानाथजी आले. सडपातळ, पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, हातात छत्री. ऊन रणरणतं आणि छत्री मिटलेली. जव्हारच्या स्टँडवर चंदरने त्यांना खास मान म्हणून पुढे, आपल्या शेजारी बसवलं. मग त्या मानाच्या सीटवर आणखी तिघांना बसवलं. एक जण चंदरच्या उजव्या बाजूला बसला, म्हणजे अर्धा जीपबाहेर. मागे चौदा माणसं, दोन बकऱ्या, टपावर पाच जण.

घाटातल्या वळणावर चंदरने अभिमानाने विचारलं, “क्यों चाचा, कैसा लग रहा है?”

दीनानाथजींना मान वळवता येत नव्हती. समोर बघतच म्हणाले, “दादा जिस जहाज़ में गए थे, उसकी बहुत बुराई करते थे. लेकिन जगह उसमें ज़्यादा थी!”

चंदरने त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही.

*

खडकपाड्यात आधी लहानूच्या घराण्याकडे गेलो. लहानूच्या भावाचा वंश तिथे होता. घरातले थोरले म्हणजे सोमाबाबा. पणज्याचंच नाव त्यांना ठेवलेलं. याहून मोठा पुरावा कोणता हवा? मी जोशात वंशावळ उलगडली. सोमाबाबांनी ती नीट पाहिली आणि मला परत दिली.

“आमचा कोन नाय हा.”

“अहो बाबा, हा कोर्टाचा कागद आहे!”

“कागद घेऊनच येतात सगळे. जमिनीसाठी येतात.”

मी वाद घालायला तोंड उघडलं तेवढ्यात सरांनी माझा दंड धरला. दीनानाथजी अंगणात नव्हतेच. शेताच्या कडेला राब भाजायचं काम चाललं होतं. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घेतात ते. शेण, फांद्या, पाला, गवत असे थर लावून झाले होते आणि सोमाबाबांचा जावई पेटवायला निघाला होता. दीनानाथजींनी त्याच्या हातातली जळती काडी काढून घेतली. आधी गवतावर बारीक माती पसरली. मग वाऱ्याच्या उलट टोकाला जाऊन, खाली बसून आग लावली, म्हणजे ती धुमसत सावकाश पुढे जाते. चकचकीत बूट शेणाने भरले.

सोमाबाबा उठून तिथे गेले. “कोनी शिकवलं तुला?”

सरांनी हिंदीत विचारलं.

“बाप ने,” दीनानाथजी म्हणाले. “उनको दादा ने. पोर्ट ब्लेअर में पड़ोसी हँसते हैं, कहते हैं बुड्ढा हर साल खेत को आग लगाता है.”

सोमाबाबांनी वाकून धुमसती कड पाहिली. मग जावयाला म्हणाले, “बघ. आमचे घरातला मानूस असा पेटवतो.”

आणि दीनानाथजींच्या खांद्यावर हात टाकून लगेच म्हणाले, “जमीन मात्र नाय हां!”

*

देवजीचं घर त्याच पाड्यात, बांधापलीकडे. सोमाबाबा बांधापर्यंत आले आणि थांबले. तीन पिढ्या या घरचं माणूस त्या घरी पाणी प्यायलं नव्हतं. लग्नात, मयताला, कशालाच जाणं नाही. “पुढं तुम्ही जा,” ते म्हणाले.

देवजीचा नातू कान्हू, दीनानाथजींच्याच वयाचा, अंगणात टोपली विणत बसला होता. दीनानाथजींनी बूट बाहेर काढले, तापलेल्या मातीत अनवाणी उभे राहिले आणि हात जोडले. सर मराठीत सांगत गेले : हे कोण, कुठून आले, कशासाठी आले.

कान्हूने विणणं थांबवलं नाही. सांगून संपलं. आम्ही उभे. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, माणुसकी, काळ, नवी पिढी वगैरे. कान्हू उठला, घरात गेला आणि कोयता घेऊन बाहेर आला.

इकडे कमरेला कोयता नसलेला माणूस शोधावा लागतो, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी त्या क्षणी माझी सगळी वाक्यं पळून गेली. सरांनी मला मागे ओढलं. दीनानाथजी हलले नाहीत. त्यांनी हातसुद्धा सोडले नाहीत.

कान्हू त्यांच्या शेजारून निघून बांधावर गेला. तिथे आंब्याचं एक म्हातारं झाड होतं. त्याने एक फांदी वाकवली, कैरी तोडली, उभ्या-उभ्या कोयत्याने तिचे दोन तुकडे केले आणि एक दीनानाथजींपुढे धरला.

“याच झाडापायी मारलं,” तो म्हणाला. “तुझा आजा म्हने माझा, माझा आजा म्हने माझा.”

सरांनी हिंदीत सांगितलं. दीनानाथजींनी चावा घेतला. त्यांचे डोळे गच्च मिटले, मान थरथरली, डोळ्यांतून पाणी आलं. कान्हूने आपल्या तुकड्याचा चावा घेतला आणि त्याचंही तोंड तसंच वाकडं झालं.

“पिकला तरी असाच लागतो,” तो म्हणाला. “माकडंबी खात नाय.”

बांधापलीकडे सोमाबाबा उभे होते. दीनानाथजींनी ती फोड सावकाश, सालासकट संपवली. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कान्हूपुढे हात पसरला.

“एक और.”