फडकं खिशातच ठेव

मावशी मशीन बघायला निघाली, की मी कपाळावर हात मारून टेम्पोची किल्ली उचलायचो. लेथ जुनंच घ्यायचं, पण चांगलं, असा तिचा हट्ट. कुठे कुठे जायचं, ती त्या मशीनची तासभर उलटतपासणी करणार, आणि आम्ही रिकामा टेम्पो खडखडवत परत! डिझेल काय फुकट येतं? मी म्हणायचो, "मावशी, अगं नवरा पसंत करायला एवढा वेळ लावला नव्हतास."

"म्हणून तर आता लावतेय," ती म्हणायची.

मावशी टर्नर. उभं आयुष्य कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेलं. काम जिवापाड आवडायचं, दुःख एकच, मशीन तिचं नव्हतं. ही संध्याकाळी ते पुसून, तेल घालून, सगळं जागच्या जागी लावून घरी जायची, आणि सकाळी बघावं तर रात्रपाळीच्या बहाद्दराने नुसता उकिरडा करून ठेवलेला. "एकदा तरी," ती म्हणायची, "मी ठेवलेलं सकाळी तसंच सापडू दे."

नोकरी संपल्यावर तिने घरामागच्या खोलीत मशीनसाठी काँक्रीटचा ओटा ओतून घेतला. मशीनचा पत्ता नाही आणि ओटा तयार! गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. काका, म्हणजे तिचा नवरा, त्या ओट्यावर बसून चहा प्यायचा. "सावकाश बघ गं," म्हणायचा, "इथे बसायला गार वाटतं."

जुनं मशीन बघायची तिची रीत ठरलेली. नवाकोरा रंग दिसला, की ही दारातूनच माघारी. "तोंडाला पावडर फासलीय. दुखणं लपवतंय मेलं." आणि सगळ्यांत मोठा नियम, जो ती धंद्यातल्या प्रत्येकाला बजावायची: हसायचं नाही, आणि खिशातलं फडकं बाहेर काढायचं नाही. आपण मशीन पुसायला लागलो, की विकणारा ओळखतो, हिचा जीव जडलाय. मग तो ताणून धरतो.

त्या दिवशी आम्ही एका शेडमध्ये गेलो. मालक म्हातारा, जाड चष्म्याचा, विचारलं तेवढंच बोलणारा. कोपऱ्यात धुळीने माखलेलं लेथ. रंग उडालेला. मावशीचे डोळे लकाकले, पण चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

तिने कांब पकडणाऱ्या चकाजवळच्या रुळांवरून नख फिरवलं, कारण सगळं काम तिथेच होतं आणि झीजही तिथेच. नख कुठे अडखळलं नाही. हँडल मागेपुढे हलवून ढिलेपणा बघितला. मोटर सुरू करून डोळे मिटून आवाज ऐकला. मग एक कांब कातली आणि दोन्ही टोकांची जाडी मापून बघितली. सारखी! मी मनातल्या मनात टेम्पोचा फाळका उघडलासुद्धा.

"आटे पाडायचे गिअर कुठेत?" तिने विचारलं.

"हरवले," म्हातारा म्हणाला.

झालं! ते गिअर बदलूनच स्क्रूवर निरनिराळे आटे पाडता येतात. आटे नाहीत तर मशीन अर्धंच. मावशीचा चेहरा खरोखरच पडला. "मग मी ह्याच्यावर काय करू, लाटणी?" म्हणाली आणि निघायला वळली. पण पाऊल उचलेना. रुळांवर धूळ तशीच होती. तिचा हात खिशात गेला, फडकं बाहेर आलं, आणि बाई पुसायलाच लागली! मी डोळे वटारले, खाकरलो, खोकलो. छे! तिने तेलाचा डबा मागून घेतला आणि एकेका भोकात तेल सोडत चक्क गुणगुणायला लागली. बोंबला! आता हा म्हातारा आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग आत गेला आणि धापा टाकत एक लाकडी पेटी घेऊन आला. आत सगळे गिअर, एकेक तेलकट कागदात गुंडाळलेला.

"हरवले म्हणालात ना?" मी तापलो.

"भंगारवाल्यांसाठी हरवलेत. येतो तो वजन विचारतो. तेल कुणी मागितलं नव्हतं." मग मावशीकडे वळून म्हणाला, "ताई, पुढच्या बेअरिंगला जरा जास्त पाजा. खादाड आहे."

भावाची घासाघीस झालीच नाही. येताना मावशी माझ्याशेजारी बसलीच नाही, मागे मशीनला धरून उभी राहिली. संध्याकाळी काकाला ओट्यावरून उठवून आम्ही चौघापाचांनी ते वर चढवलं.

सकाळी मी माझा दोर न्यायला गेलो, तर मावशी खोलीच्या दारातच उभी. आत पाऊल टाकत नव्हती. हँडल काल तिने सोडलं तिथेच, तेलाचा डबा डाव्या हाताला, फडक्याची घडी तशीच.

"काय झालं गं?"

"अरे बघ ना," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, "जिथे ठेवलं तिथेच आहे सगळं!"

डिझेल गेलं खड्ड्यात.