शेवभाजीसोबत काय प्यावं

मी आयुष्यात एकदाच दारूच्या दुकानात गेले, आणि तेही भाचीचं लग्न जमावं म्हणून.

भाची म्हणजे गौरी, धुळ्याच्या माझ्या थोरल्या भावाची, नानांची मुलगी. तिने स्वतःच पसंत केलेला मुलगा नाशिककडचा, घरची द्राक्षबाग असलेला. त्याचे आईवडील पहिल्यांदा जेवायला येणार होते. आदल्या दिवशी नानांचा घाबराघुबरा फोन आला. होणारे व्याही म्हणे जेवताना पेलाभर वाइन घेतात, आणि धुळ्यात नानांना सगळे ओळखतात, म्हणून बाटली मी जळगावहून आणावी.

जळगावात मला कोण ओळखत नव्हतं! वीस वर्षं शाळेत शिकवतेय, त्यात दरवर्षी व्यसनमुक्तीची प्रभातफेरी माझ्याच गळ्यात. (घोषणाही मीच लिहिलेल्या.) तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल लावून मी पिंप्राळ्यातल्या घरून स्कूटर काढली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं दुकान गाठलं. गल्ल्यावरच्या माणसाने माझा आवाज ऐकला मात्र, तो ताडकन उभा राहिला.

"मॅडम, काय केलं हो आमच्या पिंकीने?" त्याने विचारलं.

माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील! मला दरदरून घाम फुटला, त्यांना तर माझ्याहून जास्त. पिंकी गुणी आहे, मी पाहुण्यांसाठी वाइन न्यायला आलेय, असं मी पुटपुटले. त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी जेवणात काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, शेवभाजी आणि भरीत.

"मग वाइन नेऊ नका," ते गंभीरपणे म्हणाले. "आपल्या रश्श्यापुढे ती टिकत नाही. बियर न्या."

मी सांगितलं की वाइन सभ्य माणसं पितात आणि बियर पिऊन लोक वरातीत नाचतात. त्यावर ते दुखावले. बियरलाही ताटाशेजारी मान मिळायला हवा, नुसती वाइनचीच मिजास का, असं त्यांनी मला चांगली दहा मिनिटं समजावलं. त्या दहा मिनिटांत ओळखीचं कुणी येईल या धास्तीने मी सगळ्याला हो म्हणत गेले आणि एक वाइन, दोन बियर घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी. बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून पिशवी मांडीवर घेतली होती. प्रत्येक खड्ड्याला आतून किणकिण व्हायची आणि मी मोठ्याने खोकायचे. एरंडोलला एक म्हातारी चढली, माझ्या शेजारी बसली आणि पिशवीला कान लावल्यासारखी वाकली.

"माय, पिशवीमा काय शे?"

"गुडघेदुखीचा काढा," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मना बी गुडघा भलता दुखस. घोटभर दे ना."

हा काढा उपाशीपोटीच घ्यावा लागतो, असं मी घाईघाईने सांगितलं.

"मी बी सकायपासून काहीच खायेल नही," ती म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले आणि पारोळ्याला ती उतरेपर्यंत घोरले.

दुपारी पंगत बसली. नानांनी वाइन ओतली. व्याह्यांनी एक घोट घेतला, शेवभाजीचा एक घास घेतला, पुन्हा एक घोट घेतला आणि बोलायचे थांबले. डोळ्यांत पाणी, कान लालभडक. थंड काही आहे का, असं त्यांनी खुणेनेच विचारलं. नाना पांढरेफटक पडले. गौरी माझ्याकडे बघायला लागली. मी धावत जाऊन फ्रीजमधली बियर आणली आणि त्यांच्या ताटाशेजारीच बूच उघडलं.

बियर दोन तास खड्ड्यांतून हिंदकळत आली होती हे माझ्या लक्षातच नव्हतं. फेसाचा फवारा सरळ व्याह्यांच्या मिशांवर, तिथून कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर. नानांनी हात जोडले होते. लग्न मोडलं, आणि ते मीच मोडलं, एवढंच मला कळत होतं.

व्याह्यांनी मिशा पुसल्या. उरलेली बियर पेल्यात ओतून घेतली, घोट घेतला, रश्श्यात भाकरी बुडवली.

"हे बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "द्राक्षवाला असून सांगतो, या रश्श्याला हेच पाहिजे."

तोवर एक शब्दही न बोललेल्या विहीणबाईंनी आपला पेला पुढे सरकवला.

लग्न ठरलं. पण तेव्हापासून दोन्ही घरांत माझी ख्याती झाली की कशाबरोबर काय प्यावं हे आत्यालाच विचारा. थेंब कधी चाखला नाही, हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. परवा विहीणबाईंनी फोन करून विचारलं, खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांबरोबर काय ठेवावं? कसंबसं म्हटलं, "दूध."

पलीकडून त्या नवऱ्याला सांगताना ऐकू आल्या, "बघा, याला म्हणतात जाणकार!"