चौथा राउटर

सुरुवातीलाच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला माणूस. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतंच, असं मानणारा. बाकीच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

२००९, जुलै. पुण्यातली नोकरी सुटल्यावर मी निरगुडसरला घरी आलो होतो. जवळच्या पेठ गावात हायवेलगत एक कॉम्प्युटर क्लास होता. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना नेटवर्किंगची बॅच काढायची होती आणि शिकवायला मी मिळालो. खरे राउटर कुठून आणणार? म्हणून मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर मी व्हर्च्युअल मशीन तयार केलं आणि त्यात एम्युलेटर टाकला. म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या पोटात खोटे राउटर चालवायचे. तीन बनवले.

भर दुपारी सुरू केले, तर यादीत चार! चौथ्याची विंडो उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठीची एकच ओळ — "ऊठ हितनं."

वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. पण मशीनला नेटवर्कची केबलच जोडलेली नव्हती. सगळं पुसलं, पहिल्यापासून परत इन्स्टॉल केलं. दुसऱ्या दिवशी चौथा हजर. मी घाईघाईने मशीन बंद करायला गेलो, तेवढ्यात ओळ उमटली — "मशीन न्हाई. तू."

अण्णांना सांगितलं, तर ते भडकले. "पुण्याचं शानपण हितं नको राव! बॅच बुडवायची हाये का तुला?"

"अण्णा, शप्पथ, मी काही केलेलं नाही."

"आदीचा सर बी असंच कायतरी बरळत पळाला."

रविवारी त्या सरांना शोधत मी थेट घाटघरला गेलो. त्यांची भातलावणी चालली होती. मला बघून ते बांधावर आले, पण बसा म्हणाले नाहीत.

मी क्लासचं नाव काढताच त्यांनी विचारलं, "किती येळा आलं?"

"दोनदा."

"मला तीनदा. तिसऱ्यांदा मी हसलो." त्यांनी उजवा हात वर केला. मनगट वाकडं जुळलेलं. "खुर्ची मागनं वढली. खोलीत मी एकलाच व्हतो. जा आता. अन् परत हितं यिऊ नका... तुमच्या मागं मागं त्ये माज्या दारात यायचं."

सोमवारी खोलीची चावी परत द्यायला गेलो. अण्णांनी ती हिसकावली आणि "दावतो तुला" म्हणत स्वतःच मशीनसमोर बसले. मी दारात. मला स्क्रीन दिसत नव्हता, फक्त त्यांची पाठ. माऊसचा आवाज आला... आणि अण्णा वाचत राहिले. एक ओळ वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग उठून त्यांनी मेन स्विच पाडला.

"काय होतं, अण्णा?"

"तुजं नाव न्हवतं, येवढं बास. नीघ."

पुढे कितीतरी ठिकाणी मी हाच एम्युलेटर चालवला, जाणकारांना विचारलं. आपण बनवल्याशिवाय राउटर तयार होतच नाही, म्हणतात. तेवढं मलाही कळतं.

महिन्याभरात अण्णांनी त्या खोलीचं दार विटा लावून बुजवलं. गवंडी मशीन बाहेर काढून द्यायला तयार होता, पण अण्णांनी त्याला हात लावू दिला नाही. ते आतच राहिलं. का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला आजही कळलेलं नाही.