डब्यातला दोरा

निर्मला गेल्याचं मला सातपूरच्या जुन्या शेजारीण पवारवहिनींच्या फोनवरून कळलं, आणि त्या फोनची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही. "गेली हो तुमची निर्मला, काल दुपारी. अटॅकच होता म्हणे. सुटली बिचारी..." असं म्हणून त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि लगेच, "बाकी काय? इंदिरानगरला पाणी येतंय का नीट?" असं विचारलं. मी फोन ठेवून दिला. सुटली म्हणजे कशातून सुटली? साठीही न गाठलेली बाई, हातात क्रोशाची सुई, डोक्यात पुढच्या रुमालाचा नमुना. तिला कुठेही सुटायचं नव्हतं. पण माणूस गेलं की काहीतरी गुळगुळीत बोलायचं, आणि ते खरं की खोटं हे बघायचंही नाही, ही आपल्या लोकांची रीत आहे. मला या रीतीचा वीट आलाय. म्हणून हे लिहायला बसले आहे. निर्मलाबद्दल निदान एका ठिकाणी तरी खरं छापून यावं.

नव्वदच्या दशकात आम्ही सातपूरला कामगार वसाहतीत भिंतीला भिंत लावून राहत होतो. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात. मी शिक्षिका, सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी मी घरी असायची. निर्मलाच्या नवऱ्याला, दत्तूभाऊंना, रात्रपाळी लागली की त्यांच्या घरात दिवसभर कर्फ्यू. माणूस रात्रभर मशीनवर उभा राहून आलेला, त्याला झोपू द्यायचं. मिक्सर नाही, रेडिओ नाही, भांडी पाच वाजेपर्यंत मोरीत तशीच. घरात शिलाई मशीन होतं, पण त्याची खडखड कोण सहन करणार? निर्मलाने मग बिनआवाजाचं काम शोधून काढलं. दार लोटून घ्यायचं, बाहेरच्या ओट्यावर सतरंजीचा तुकडा टाकायचा आणि क्रोशा घेऊन बसायचं. दोऱ्याचा गुंडा मातीत लोळू नये म्हणून तो एका उंच स्टीलच्या डब्यात ठेवलेला असायचा. ती दोरा ओढायची तसा गुंडा डब्यात फिरायचा आणि त्याचा अगदी बारीक आवाज यायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या रांगेत दुपारी तेवढाच काय तो आवाज.

तिचं माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. परकरी वयापासून पहाटे उठून झेंडू-शेवंतीच्या माळा ओवायची सवय, म्हणून बोटं भलती चपळ. ती मला एकदा म्हणाली होती, "किती बी चांगला हार कर, सांज झाली की गेला उकिरड्यावर. लहानपणी मला लय रडू यायचं. ह्या दोऱ्याच्या फुलाचं तसं नाय ना. धुवायचं, वाळत टाकायचं, पुन्हा ताजं." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळलेला होता की काय सांगू! एखादा नवा नमुना जमला, सहा पाकळ्यांचं फूल मधोमध बरोबर बसलं, की ती मला हाक मारायची, रुमाल उजेडात धरायची आणि भोकांतून पलीकडे बघत नुसती हसत बसायची. मला तिने शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. साखळीच्या टाक्यापुढे माझी गाडी गेली नाही.

आता खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की तिच्या घरातल्या झालरी मला बघवत नसत. टीव्हीला झालर, फ्रिजच्या दांडीला झालर, एवढंच काय, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा गुलाबी घागरा! मी म्हणायची, "निर्मला, उद्या दत्तूभाऊंनाही झालर लावशील." त्यावर ती शांतपणे, "नको बाई, धुवायला जड जातील." पण तिच्या कामाच्या वस्तू मात्र झकास होत्या. कडेला मणी लावलेली दुधाच्या पातेल्यावरची जाळी, तिला वारा उडवू शकत नसे आणि मांजर तोंड लावू शकत नसे. भाजीची पिशवी, जी रिकामी असताना मुठीत मावायची आणि सोमवारच्या बाजाराची सगळी भाजी पोटात घ्यायची. वसाहतीत बाळ जन्मलं की त्याच्या डोक्यावर पहिलं टोपडं निर्मलाचंच. एवढं सगळं करून दत्तूभाऊ पाहुण्यांना काय सांगायचे? "चाललंय तिचं टाईमपास." या शब्दाने माझं डोकं उठायचं. निर्मला तेवढ्यापुरती मान वर करून म्हणायची, "टाईमपास करायला टाईम हाय कुठं मला?" आणि पुन्हा खाली बघून विणीतले खांब मोजायला लागायची.

पण मला खरी शिसारी आली ती रुखवतांची. वसाहतीत कुणाचीही मुलगी लग्नाची झाली की तिची आई निर्मलाच्या ओट्यावर येऊन बसायची. मग तोरण, महिरप, आसनं, ताटावरचे रुमाल, तांब्या-भांड्यावरच्या मणीदार जाळ्या... निर्मला कधी नाही म्हणाली नाही. म्हणणार कशाला, तिला ते करायला आवडायचं. आणि कार्यालयात रुखवताच्या टेबलावर चिठ्ठी लागायची, की हे सगळं नवरीने स्वहस्ते केलेलं आहे. पवारवहिनींच्या अंजलीच्या लग्नात तर माइकवरून जाहीर झालं. अंजली, जिला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं! निर्मला त्या टेबलाच्या अगदी जवळ उभी होती. मोरांच्या जोडीचं ते तोरण तिने कसं केलं होतं हे मी पाहिलं होतं, एक मोर मनासारखा उतरेना म्हणून तिने तो पुन्हा पुन्हा उसवला होता. माइक सुरू झाला तशी तिने पदर सारखा केला. तिला वाटलं होतं, आज तरी कुणीतरी नाव घेईल. तिच्या चेहऱ्यावर ते मला स्वच्छ दिसलं. नाव घेतलं गेलं ते अंजलीचं, टाळ्या झाल्या, वरमाईने तोरणाला हात लावून "गुणाची आहे हो मुलगी" म्हटलं. आणि पवारवहिनी निर्मलाला बाजूला घेऊन, हातात एक ब्लाउजपीस कोंबत म्हणाल्या, "तू केलंस असं बोलू नकोस हं कुणापुढे. पोरीच्या सासरी बरं दिसत नाही." मी शेजारीच होते. पंगतीत मी जिलेबी तशीच पानात ठेवली. मला मुलगी नाही म्हणून मी या नाटकातून वाचले, एवढंच.

घरी येताना रिक्षात मी पवारवहिनींवर खूप तोंडसुख घेतलं. निर्मला एवढंच म्हणाली, "मोर चांगला दिसत व्हता पण, नाय?"

पुढे तिच्या मनीषाचं लग्न ठरलं. सगळी वसाहत वाट बघत होती, आता निर्मला स्वतःच्या लेकीचं रुखवत काय करते बघू. सहा महिने तिने कुणाला काही दाखवलं नाही. लग्नाच्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो, आणि लांबलचक टेबलावर, पांढऱ्या चादरीवर, मधोमध एकच रुमाल ठेवलेला. पांढरा, लाल काठाचा. मनीषाने त्या उन्हाळ्यात शिकून केलेला. कोपऱ्यांवर खांब वाढवायचे असतात ते पोरगी विसरली होती, त्यामुळे रुमाल सपाट बसायचं नाव घेईना, द्रोणासारखा वर वळला होता. तो उसवून सरळ करून देणं निर्मलाच्या डाव्या हाताचा खेळ होता. तिने हात लावला नाही. शेजारी चिठ्ठी होती, मनीषाने स्वतः केलेला रुमाल. वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पवारवहिनी चारचौघींत म्हणाल्या, "दुसऱ्यांसाठी इतकं, आणि पोटच्या पोरीसाठी हे!" दत्तूभाऊंचा चेहरा लाल झाला. मांडवातच बायकोला म्हणाले, "इज्जत घालवली माझी." त्यानंतर कित्येक दिवस ते तिच्याशी बोलत नव्हते. मी तिला गाठून विचारलं, बाई, हे काय केलंस? ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरींचं खोटं मी त्यांच्या दारात ठेवलं. माझ्या दारात नाय ठेवणार. मनीला जे येतं ते ठेवलं." आणि मग, "तिला मी पलंगपोस केलाय. तो रुखवतात नाय, नंतर देणार. रोज अंगाखाली घ्यायचा, कुणाला दाखवायला नाय."

नवीन शतक लागलं, आम्ही इंदिरानगरला फ्लॅट घेतला, भेटी कमी झाल्या. दत्तूभाऊ रिटायर झाले तरी दुपारी झोपायची सवय राहिली, आणि निर्मलाची ओट्यावर बसायची. याच सुमारास बाजारात प्लॅस्टिकच्या लेसचे टेबलक्लॉथ आले, मीटरवर कापून मिळणारे, छापाचे. एकदा मेनरोडला दोघी गेलो होतो तर निर्मलाने दुकानात तो तागा बोटांत धरून पाहिला. दुकानदार म्हणाला, "हाताच्या क्रोशासारखंच आहे, मावशी. पुसलं की स्वच्छ." ती बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्याला भोकं हायत. वीण कुठं हाय?" आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. ती आमची शेवटची नीट भेट...

तेराव्याला गेले. खोलीत खुर्चीवर निर्मलाचा फोटो, फोटोला हार, आणि खुर्चीवर, फोटोच्या खाली, तेच. प्लॅस्टिकच्या लेसचा तुकडा, कात्रीने वाकडा कापलेला, घडीच्या रेषा अजून तशाच. जिने जन्मभर हाताने दोरा विणला तिच्या फोटोखाली प्लॅस्टिक! मी विचारायच्या आधीच पवारवहिनी कौतुकाने म्हणाल्या, "मीच आणलं. तिला क्रोशाची आवड ना, म्हणून. टाईमपासच होता तिचा तो." मग एकेकीचं गुळगुळीत बोलणं सुरू झालं. बिचारीचा वेळ छान जायचा, हाताला चाळा होता. अंजली आली होती, सोबत तिच्या सासूबाई. सासूबाई सरळ मनाच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या अंजलीच्या हातातही ही कला आहे. तिने केलेलं मोरांचं तोरण अजून आमच्या दारावर आहे." अंजलीने एकदा आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, लग्नाआधी केलेलं. आता कुठे वेळ मिळतो!" मेलेल्या बाईच्या घरात, तिच्या फोटोसमोर बसून! इतका निर्लज्जपणा मी जवळून पाहिला नव्हता. माझं तोंड उघडणार, तेवढ्यात मनीषा उठली.

तिने फोटो उचलून माझ्या हातात दिला. प्लॅस्टिकचा तुकडा ओढून काढला, चुरगळून पवारवहिनींच्या पिशवीत ठेवला. मग पर्समधून लाल काठाचा तो रुमाल काढला. धुऊन धुऊन मऊ झालेला, पण अजून तसाच द्रोणासारखा. तो खुर्चीवर ठेवून तिने वर फोटो ठेवला. फोटो जरासा कलला. कुणीतरी म्हणालं, "अगं, आईच्या हातचं एखादं चांगलं ठेव ना. हा कुणी केलाय असा?"

"मी केलाय," मनीषा म्हणाली. "आईनं शिकवला."

भिंतीला टेकून बसलेले दत्तूभाऊ आतापर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. ते अंजलीकडे बघून, रागावून नव्हे, साध्या आवाजात म्हणाले, "पोरी, ते तोरण मी ऐकलंय. तुझ्या लग्नाच्या आधी माझी थर्ड शिफ्ट चालू व्हती. मी डोळे मिटून पडायचो. बाहेर तिचा डबा वाजायचा. डबा वाजतोय म्हंजे ती दारात हाय, मग मला झोप लागायची. थांबला की जाग यायची. ते मोर उसवताना डबा लय वेळ थांबायचा..." अंजलीने मान खाली घातली. तिच्या सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. पवारवहिनी म्हणाल्या, "चला, पानं मांडायला घ्या." मीठसुद्धा कमी-जास्त झालेलं नाही अशा चेहऱ्याने त्यांनी पत्रावळी वाटल्या. माझं मन त्यांच्याविषयी आजही साफ नाही आणि ते साफ करायची मला इच्छा नाही.

परवा दुपारी पुन्हा गेले. दार लोटलेलं होतं, म्हणून सवयीने हळूच ढकललं. मनीषा सासरी परत गेली आहे, घरात दत्तूभाऊ एकटेच. फोटो अजून त्या रुमालावर किंचित कललेला, कुणी सरळ केलेला नाही. दत्तूभाऊ कॉटवर पडले होते, डोळे मिटलेले, आणि कॉटच्या कडेने खाली सोडलेला एक हात स्टीलच्या डब्यातला दोरा हळूहळू ओढत होता. गुंडा आत फिरत होता. फरशीवर दोऱ्याचा ढीग झाला होता. माझी चाहूल लागली तसा त्यांनी हात आखडून घेतला, आणि चोरी पकडल्यासारखे उठून बसले.

"झोप येत नाय," ते म्हणाले.

मी त्यांना पुन्हा पडायला सांगितलं. खाली फरशीवर बसले, डबा जवळ ओढला आणि सगळा दोरा परत गुंडाळायला घेतला. विणणं मला कधीच जमलं नाही, गुंडाळता येतं. गुंता होऊ न देता घट्ट गुंडाळत होते. उद्या दुपारी त्यांना तो लागेल.